पडवीतली पद्मिनी पुन्हा रस्त्यावर: आधी ब्रेक, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी

देवरुखच्या घराला लागून असलेल्या खोपीत वडिलांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी नऊ वर्षं उभी होती. आम्ही तिला प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधून ठेवली होती, आणि घात तिथेच झाला. कोकणात चार महिने हवेत ओल असते. ताडपत्रीखाली ती कोंडून राहते आणि पत्रा आतून खाते. ताडपत्री काढली तेव्हा वरून गाडी बरी दिसली. चटई उचलली तर चालकाच्या पायाखालून खालची जमीन दिसत होती.

ती गाडी सुट्ट्या आणि शनिवार-रविवार धरून पावणेदोन वर्षांत चालती केली. त्यातून शिकलेलं इथे क्रमाने लिहितो, कारण या कामात क्रमाला फार किंमत आहे. बहुतेक लोक आधी रंग लावतात. चार महिन्यांनी ब्रेकसाठी किंवा वेल्डिंगसाठी तोच रंग पुन्हा जाळावा लागतो. आधी गाडी थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे, मग पत्रा धड झाला पाहिजे. रंग त्यानंतर.

पद्मिनी या कामाला फार चांगली गाडी आहे. मूळची ती फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनवली. १०८९ सीसीचं चार सिलेंडरचं पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, मागच्या चाकांना ओढ, मागे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा. संगणक नाही, सेन्सर नाही. जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं. मुंबईत ती टॅक्सी म्हणून धावत होती तोवर तिचे सुटे भाग गल्लोगल्ली मिळायचे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३मध्ये ती रस्त्यावरून गेली. तेव्हापासून नवे भाग कमी होत चालले आहेत. म्हणून पहिला सल्ला असा, की ब्रेक सिलेंडर, वॉटर पंप, डेल्कोची (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) टोपी, क्लच प्लेट, किंगपिनचा (पुढची चाकं ज्या खिळीवर वळतात तिचा) संच या वस्तू दिसतील तेव्हा घेऊन ठेवा. पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत कुर्ल्याचा जुन्या भागांचा बाजार इथे अजून शोधाशोध करता येते. जुना भाग नमुन्याला सोबत न्या, नुसतं नाव सांगून भागत नाही. एकाच गाडीत वर्षागणिक फरक आहेत.

पान्हा हातात घेण्याआधी

कागद पाहा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी तपासून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. आरसी बुक, इंजिन नंबर आणि चासी नंबर एकमेकांशी जुळतात का ते आधीच बघा. गंजलेल्या पत्र्यावरचा चासी नंबर घासून काढू नका, तो भाग कापून तर मुळीच काढू नका. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असेल, तर २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. तिच्या नंबरात व्हीए अक्षरं येतात. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही. माझी गाडी त्या वयाची नाही आणि मला ती वापरायचीच होती, म्हणून साधं नूतनीकरण केलं.

मग फोटो काढा. शेकड्यांनी काढा. प्रत्येक वायर, प्रत्येक पाइप, प्रत्येक नट उतरवण्याआधीचा फोटो हवा. उतरवलेले नट-बोल्ट झिपच्या पिशवीत घालून पिशवीवर मार्करने लिहा: ‘पुढचं डावं चाक, ड्रम’ असं. मी पहिल्या महिन्यात हे केलं नाही. डॅशबोर्डचे स्क्रू शोधण्यात आणि जुळवण्यात दोन रविवार गेले.

सगळी गाडी एकदम उघडू नका. घरी सुरू केलेल्या बऱ्याच गाड्या इथेच अडतात. इंजिन एका कोपऱ्यात, दारं माळ्यावर, सीट शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये, आणि तीन वर्षांनी सगळं भंगारात जातं. एक भाग उघडा, पुरा करा, परत बसवा, मग पुढचा घ्या.

अवजारांत रिंग पान्हे आणि फिक्स पान्ह्यांचा मिलिमीटरचा संच, सॉकेट, टॉर्क रेंच, फीलर गेज, मल्टिमीटर, कॉम्प्रेशन गेज एवढं लागतंच. जॅक फक्त गाडी उचलायला असतो. ती पेलून धरायला चार लोखंडी घोडे हवेत. विटांवर किंवा नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. यात तडजोड नाही.

थांबवणं

माझ्या पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. नऊ वर्षं उभ्या गाडीत लायनर ड्रमला चिकटलेले असतात. ड्रमच्या कडेवर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने गोल फिरत ठोका. सरळ घाव घातला तर ड्रम तडकतो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. आतली धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने कधीही फुंकू नका. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं बांधून टाकून द्या.

व्हील सिलेंडरच्या रबरी टोप्या वर करून बघा. आत ओल दिसली तर रबर गेलं. सिलेंडरच्या आत बोट फिरवल्यावर खड्डे लागले तर नुसतं किट बदलून उपयोग नाही, सिलेंडरच नवा घ्या. किट बसवताना रबर पेट्रोलने धुवायची आपल्याकडे सवय आहे. ती मोडा. पेट्रोलने आणि ग्रीसने ते रबर फुगतं. धुवायला स्पिरिट किंवा ताजं ब्रेक ऑइलच वापरा. पेडलच्या दाबाने ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलेंडरलाही हेच लागू. लोखंडी ब्रेक पाइप बाहेरून गंजलेले दिसले तर विचार न करता बदला, आणि तिन्ही रबरी होज पाइप तर बदलायचेच. ते बाहेरून धड दिसतात, पण आतून फुगून बंद झालेले असतात. ब्रेक सुटत नाही तेव्हा दोष अनेकदा त्यांचा असतो.

ब्रेकच्या पाइपांतली हवा काढताना मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी घ्या. आपल्या उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचं, मगच पेडल सोडायचं. माझी आई आत बसून हे करायची. ‘दाबलंय’ आणि ‘सोडू का’ हे दोन शब्द आम्ही त्या दुपारी किती वेळा बोललो असू! मास्टर सिलेंडरच्या टाकीतलं ब्रेक ऑइल मधेमधे पाहत राहा. ते संपलं तर हवा पुन्हा शिरते आणि पहिल्यापासून सुरू करावं लागतं. ब्रेक ऑइल रंग उडवतं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. बाटली एकदा उघडली की ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून अर्धी राहिलेली जुनी बाटली वापरू नका.

टायरवर नक्षी असली तरी जुने टायर टाकून द्या. वयाने रबर कडक होतं आणि बाजूला चिरा पडतात.

इंजिन जागं करणं

बॅटरी लावून लगेच सेल्फ मारू नका. सिलेंडरमध्ये गंज असेल तर एका झटक्यात पिस्टनच्या रिंगा मोडतात. चारही प्लग काढा. प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण घाला आणि तीन दिवस राहू द्या. मग गाडी न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीच्या नटाला मोठा पान्हा लावा आणि हलकेच पुढे-मागे करा. जोर लावायचा नाही. माझं इंजिन पहिल्या दिवशी हललं नाही. पाचव्या दिवशी केसभर हललं आणि आठव्या दिवशी पूर्ण फिरलं.

फिरल्यावर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, मोजा. आकड्यापेक्षा चारही सिलेंडरांमधला सारखेपणा महत्त्वाचा. एखादं कमी आलं तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजलं आहे. वाढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. शेजारशेजारची दोन सिलेंडरं एकदम कमी असतील तर हेड गास्केटवर संशय घ्या. एवढ्या साध्या तपासणीने हजारो रुपये वाचतात, कारण गॅरेजमध्ये ‘इंजिन करावंच लागेल’ हे वाक्य न मोजताच ऐकायला मिळतं. माझ्याकडे फक्त तिसऱ्या सिलेंडरचा व्हॉल्व्ह बसत नव्हता. हेड उतरवलं, व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले, हेड सपाट आहे का ते पट्टी आणि फीलर गेजने तपासलं, नवं गास्केट घालून मधून बाहेर या क्रमाने टॉर्क रेंचने आवळलं. खालचं इंजिन उघडलंच नाही. टॉर्कचे (आवळण्याच्या जोराचे) आणि टॅपेटचे (व्हॉल्व्हजवळच्या फटीचे) आकडे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या, ऐकीव नको.

पेट्रोलची टाकी खाली काढा. जुनं पेट्रोल डिंकासारखं झालेलं असतं आणि त्याला आंबट, वार्निशसारखा वास येतो. ते ओतून काढल्यावर टाकीत मूठभर नट आणि सायट्रिक ॲसिडचं पाणी घालून हलवली की आतला गंज सुटतो. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व तेच. लिटरला पन्नास ते शंभर ग्रॅम पुरतं. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवून लगेच कडक वाळवा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस थर येतो. टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंग करायचा विचारही नको. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ असते.

आता पंपांवर वीस टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. ही गाडी बनली तेव्हाचं रबर त्याला टिकत नाही. म्हणून पेट्रोलचे सगळे होज, पंपाचा डायफ्राम आणि पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचं किट इथेनॉलला चालणारंच घ्या. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा ठेवा.

सोलेक्स कार्ब्युरेटर उघडून साफ करणं हे या सगळ्यातलं मला सर्वांत आवडलेलं काम. पांढऱ्या कापडावर एकेक भाग मांडायचा, जेट, म्हणजे बारीक भोकाचा स्क्रू, उजेडात धरून बघायचा आणि हवेने फुंकायचा. जेटमध्ये तार घालू नका. भोक केसभर जरी मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बिघडतं. फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलं आहे का ते कानाशी हलवून ऐका.

इग्निशनला डेल्कोतले पॉइंट आणि कंडेन्सर नवेच घाला. पॉइंटमध्ये ०.४ ते ०.५ मिमी आणि प्लगमध्ये सुमारे ०.६ मिमी अंतर ठेवा. फायरिंगचा क्रम १-३-४-२. प्लगच्या वायरी त्याच क्रमाने, रोटर फिरतो त्या दिशेने लावा. इंजिन खोकतं आणि कार्ब्युरेटरमधून भडका येतो तेव्हा निम्म्या वेळा दोन वायरींची अदलाबदल झालेली असते.

सुरू करण्याआधी नवं ऑइल घाला, प्लग काढलेलेच ठेवा आणि ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत सेल्फ थोडा थोडा मारा. मग प्लग लावून चोक ओढा. अग्निशामक सिलेंडर हाताशी असू द्या. पहिला अर्धा तास चाललं की तेच ऑइल गरम असताना काढून टाका, आतली सगळी घाण त्याबरोबर येते.

माझी गाडी सुरू झाली तेव्हा संध्याकाळ होती. आधी निळा धूर निघाला, मग पांढरा, मग तोही संपला. आवाज तोच होता, शाळेत सोडायला यायची तेव्हाचा. आई ओट्यावर येऊन उभी राहिली आणि बराच वेळ आत गेली नाही.

पाणी, वीज आणि खालचं सामान

रेडिएटर सोडवून रॉडिंगला, म्हणजे नळ्यांत सळई घालून साफ करायला द्या. नुसत्या पाण्याच्या मार्‍याने आतला खार निघत नाही. थर्मोस्टॅट आहे का पाहा. गरम होतं म्हणून तो काढून टाकायची आपल्याकडे रीत होती. पण त्यामुळे इंजिन हवं तेवढं तापतच नाही, पेट्रोल जास्त खातं आणि लवकर झिजतं. नवा बसवा आणि साध्या पाण्याऐवजी कूलंट घाला. घाटात पेट्रोल पंपात वाफ अडकून गाडी बंद पडणं हा या गाडीचा जुना स्वभाव. बोरघाटात पंपावर ओलं फडकं टाकून थांबलेल्या फियाट ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ते ठाऊक आहे. पंपाखालचा जाड पॅकिंगचा ठोकळा काढून टाकलेला नाही ना, आणि पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टला खेटून जात नाही ना, एवढं बघा.

वायरिंगमध्ये आधी उंदीर शोधा. माझ्या डॅशबोर्डमागे घरटं होतं. वायरी जिथे खरोखर कुरतडल्या आहेत तेवढ्याच, त्याच रंगाच्या आणि जाडीच्या बदला. दिवे मंद लागणं, इंडिकेटर अडखळणं याचं मूळ बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये असतं. बॉडीला जिथे वायर आवळली आहे ती प्रत्येक जागा चकचकीत घासून पुन्हा आवळा. मी दोन दिवस फक्त तेवढंच केलं आणि ‘गेलेले’ सगळे दिवे परत आले.

किंगपिन आणि पुढच्या जोडांना ग्रीसची निपलं आहेत. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत ग्रीस मारा. पुढचं चाक उचलून वर-खाली हाताने हलवा. खडखडलं तर किंगपिनचे बुश गेले. ते प्रेसवरच बसवून आणि रीमर मारून घ्या, हातोडीने नाही.

पत्रा

इथे सर्वांत जास्त वेळ आणि पैसा जातो. माझ्या एकूण खर्चाचा निम्म्याहून जास्त भाग इथेच गेला.

लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून सगळ्या बॉडीवरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका, धड पत्रा खणखणतो आणि सडलेला भदभदतो. पद्मिनी कुजते त्या जागा ठरलेल्या आहेत: दारांखालच्या पेट्या, पायाखालचा पत्रा, दारांची तळकड, डिक्कीतला स्टेपनीचा खड्डा, मागचे पाटे जिथे अडकवले आहेत त्या जागा, आणि पुढच्या काचेचे खालचे कोपरे.

या गाडीला वेगळी चासी नाही. सगळी बॉडी मिळूनच सांगाडा होतो, आणि दारांखालच्या पेट्या म्हणजे तिचा कणा. त्या कापल्या की गाडी मधे वाकते. म्हणून कापण्याआधी दाराच्या चौकटीत, पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत, लोखंडी अँगल तात्पुरते जोडून घ्या. गाडी चारही घोड्यांवर समतल ठेवा, पेटीखाली घोडा नको. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून भिंतीवर लिहा आणि काम झाल्यावर पुन्हा मोजा. एका वेळी एकच बाजू कापा.

वेल्डिंग सीओटू मशीनने करून घ्या. गॅसने पातळ पत्रा तापून वाकडा होतो. पेट्यांना आणि तळाला १८ गेज, बाहेरच्या पत्र्याला २० गेज वापरला. गंजावर ठिगळ मारू नका. चमकदार लोखंड लागेपर्यंत कापा, भले भोक तिप्पट होवो. मी वेल्डिंग शिकलो नाही. रत्नागिरीतल्या एका अनुभवी डेंटरने घरी येऊन हे काम केलं. सगळी कापाकापी, घासकाम आणि मोजमाप माझं, फक्त जोड त्याचे. ज्याला वेल्डिंग येत नाही त्याने पेट्यांवर हात बसवायला शिकू नये, तो शिकायचा भाग नाही. वेल्डिंगच्या वेळी टाकी, सीट, चटया बाहेर, बॅटरी सोडलेली, आणि पाण्याची बादली घेऊन एक माणूस दुसऱ्या बाजूला उभा. आग नेहमी मागच्या बाजूने लागते.

जोड झाले की लगेच इपॉक्सी प्रायमर मारा. पेट्यांच्या तळाला पाणी निघायची मूळ भोकं असतात, ती उघडी राहू द्या. पेट्यांच्या आत मेण मारा. आपल्याकडे जळकं ऑइल मारतात. ते ठिबकत राहतं, रबर खातं आणि त्यातल्या आम्लाने पत्र्याचंही भलं होत नाही.

रंग

लांबी पातळ थरात, फक्त लाटा भरायला. नंतर पाण्याचा पॉलिश पेपर १८०पासून ४००पर्यंत. कोकणात जून ते सप्टेंबर रंगाचं काम करू नका. दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग पांढरट पडतो आणि प्रायमरखाली अडकलेली ओल वर्षभरात फोड काढते. मी दिवाळीनंतर काढलं.

एनसी रंग घरी मारता येतो, चूक झाली तर घासून पुन्हा मारता येतो. पीयू (पॉलियुरेथेन) जास्त टिकतो, पण त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना कायमची इजा करू शकतात आणि कापडी मास्कचा तिथे उपयोग नाही. पीयू हवा असेल तर बूथ असलेल्या पेंटरकडे न्या. रंग बदलायचा असेल तर लक्षात ठेवा, तो आरसीवर लिहिलेला असतो आणि त्याची नोंद बदलून घ्यावी लागते. मी मूळचा फिका निळाच ठेवला. डिक्कीच्या बिजागरीखाली कधी ऊन न लागलेला एक तुकडा होता, त्याच्यावरून छटा जुळवली.

रस्त्यावर

विमा, पीयूसी आणि एचएसआरपी नंबर प्लेट झाल्याशिवाय गेटबाहेर काढू नका. पहिले पाच-सहा दिवस घराभोवती दहा किलोमीटर. परत आल्यावर खाली पुठ्ठा पसरा आणि सकाळी बघा कुठे काय ठिबकलंय. लालसर असेल तर गंजकं पाणी, काळं असेल तर इंजिन ऑइल, दाट आणि उग्र वासाचं असेल तर गिअर ऑइल, चाकाच्या आत ओल असेल तर ब्रेक. ब्रेकची ओल दिसली तर त्या दिवशी गाडी हलवायची नाही.

पाचशे किलोमीटरला हेडचे नट इंजिन थंड असताना पुन्हा टॉर्क रेंचने तपासा, टॅपेटची फट परत लावा, चाकांचे बोल्ट आणि पाट्यांचे यू-बोल्ट आवळा, ब्रेक ॲडजस्ट करा. माझ्या गाडीचे मागच्या डाव्या पाट्याचे यू-बोल्ट अर्धा फेरा सैल निघाले होते. आता ती खोपीतच असते, पण ताडपत्री नाही. सुती चादर घालतो, दोन्ही बाजूंनी वारा खेळू देतो आणि दर पंधरा दिवसांनी साखरप्याच्या रस्त्यावर वीस किलोमीटर फिरवून आणतो.